तिसरा रकाना

‘सर्वानुमते’ हा शब्द पावसेभाऊंना चालत नसे. कागदावर दिसला की ते पेन्सिल उलटी धरायचे आणि मागच्या रबरानं तो खोडायला लागायचे, मग कागद टाइप केलेला का असेना. टाइप केलेलं रबरानं जात नाही, कागद फाटतो. फाटला की म्हणायचे, “बरं झालं. आता नवा काढ.”

हे मी रागानं लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. राग बऱ्याच जणांवर आहे आणि त्या यादीत माझा नंबर पहिला नसला तरी दुसरा नक्की आहे. मिरकरवाड्याच्या काशिनाथ तांडेलावर एका पोलीस शिपायाच्या मृत्यूचा खटला आजही चालू आहे. दोष काशिनाथचा नाही हे दाखवणारं एक वाक्य होतं. पावसेभाऊंनी ते लिहिलं होतं. ते कागदावरून कसं गेलं हे मला ठाऊक आहे.

पावसेभाऊ म्हणजे रघुनाथ पावसे, आमच्या कार्यालयातले हेडक्लार्क. कार्यालय रत्नागिरीतलं, कुठलं ते सांगत नाही. समुद्रातून बंदुका घेऊन माणसं आली आणि मुंबईत रक्त सांडलं, त्यानंतर किनाऱ्यावर जिकडेतिकडे सागरी सुरक्षेच्या समित्या झाल्या. तशी एक आमच्याकडेही होती. दर तीन महिन्यांनी तिची बैठक व्हायची. साहेब मधोमध, आजूबाजूला वेगवेगळ्या खात्यांचे साहेब, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मच्छिमारांचा प्रतिनिधी म्हणून काशिनाथ तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, होडीवरच्या सगळ्यांचा जीव ज्याच्या हातात असतो तो. बैठकीत मात्र त्याच्या हातात फक्त चहाचा कप असे, तोही सगळ्यांत शेवटी पोचायचा.

या बैठकीचं इतिवृत्त पावसेभाऊ लिहीत. स्वतः केळशीच्या तांडेलाचा मुलगा. घरातला पहिलाच खुर्चीवर बसणारा माणूस, आणि ती खुर्ची त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिली असावी. बुटके, काळेकुळकुळीत, मान जाड. बैठकीला बसले की आधी टेबलाखाली चपला काढायचे. साहेबांना ते बरं दिसत नसे. एकदा त्यांनी बोलून दाखवलं, तर भाऊ म्हणाले, “होडीत चपला घालून कोण बसतं साहेब?” ही होडी नाही असं साहेब म्हणाले. “तेच तर म्हणतोय,” भाऊ म्हणाले आणि अनवाणीच बसून राहिले.

दुपारी दीड वाजता ते खिडकी उघडून सुकटीचा डबा काढत. आमच्या शाखेतले दोघेतिघे नाकाला रुमाल लावून बाहेर जायचे. मच्छिमारांच्या जिवावर देशाची राखण करायची, त्यांना तुम्ही देशाचे डोळे नि कान आहात असं भाषणात सांगायचं, आणि मासळीचा वास मात्र नको. भाऊ सावकाश जेवत आणि रुमालवाले परत येईपर्यंत डबा मुद्दाम उघडा ठेवत.

त्यांची खरी दौलत म्हणजे एक जाडजूड वही. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात ‘कोण म्हणालं’, दुसऱ्यात ‘काय म्हणालं’, तिसऱ्यात ‘त्याचं काय झालं’. सगळं शिसपेन्सिलीनं. पेन्सिलीला टोक काढायचं ते दाढीच्या पात्यानं. पहिले दोन रकाने गच्च भरलेले असत, तिसरा बहुतेक कोराच. सरकारी इतिवृत्तातही खरं म्हणजे तसा रकाना असतो, त्याला अनुपालन म्हणतात. त्यात ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहायची पद्धत आहे. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या मुद्द्यांवर कार्यवाही सुरू होती, त्यांवर आजही ती सुरूच आहे.

मी लांज्याची. समुद्र माझ्या ओळखीचा फक्त मासळीबाजारापुरता. पहिल्याच बैठकीचं कच्चं इतिवृत्त भाऊंनी मला लिहायला दिलं. मी झोकात लिहिलं, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“काय गो, काशिनाथ काय बोलला ता कुठं हाय?”

“ते काही महत्त्वाचं नव्हतं. भरतीबिरतीचं बोलत होता.”

“आज तिथी काय?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “नवमी.”

“नवाला तिनानं गुण नि चारानं भाग.”

मी कागदावर करून बघितलं. “पावणेसात.”

“आज पावणेसातला भरती. पूर्ण भरती. तिच्यापासनं सहा तासांनी ओहोटी. देशाची राखण करायला निघालेत, नि पाणी कधी येतंय ठाऊक नाय. खुर्चीला ओहोटी कळत नाय गो. म्हणून तर त्या दारातल्या माणसाला बोलावलंय. त्यानं सांगितलंन आनि तू म्हणतेस बिरती!”

शेवटचा शब्द ते एवढ्या जोरात ओरडले की बाजूच्या शाखेतली माणसं उठून बघायला आली. मी त्या दिवशी स्वच्छतागृहात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पंचांगाचं कॅलेंडर होतं, आणि त्यावर एक दाढीचं पातं, कागदात नीट गुंडाळलेलं.

भाऊ रागीट होते हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या रागाची एक शिस्त होती. मूर्ख माणसावर ते रागवत नसत. ठाऊक असून गप्प बसणाऱ्यावर रागवत. या हिशेबानं कार्यालयातले सगळेच त्यांच्या तावडीत येत.

वर्षातून एकदा समुद्रावर कवायत व्हायची. दुसऱ्याच एका खात्याची माणसं शत्रू बनून होडीतून यायची आणि आमच्या माणसांनी त्यांना पकडायचं. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप आला: उद्या सकाळी दहा वाजता, निळी होडी, वर केळीचे घड. सकाळी दहाला निळी होडी आली, वर केळीचे घड होते, आणि आमच्या शूरांनी ती पकडली. साहेबांचा शत्रूबरोबर फोटो निघाला. दोघंही हसत होते. केळी सगळ्यांनी मिळून खाल्ली.

भाऊंनी इतिवृत्तात लिहिलं, ‘शत्रूने येण्याची वेळ आदल्या दिवशी कळवली होती. खरा शत्रू ती कळवील काय, यावर चर्चा झाली नाही.’

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मी फायली घेऊन तिथंच उभी होते.

“हे काय लिहिलंत पावसे?”

“झालं ते लिहिलं साहेब.”

“चर्चा झाली नाही, हे कुणी इतिवृत्तात लिहितं का?”

“झाली नाही, हेच तर झालं.”

साहेबांनी ते वाक्य लाल पेनानं खोडलं. भाऊंनी बाहेर येऊन वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘खोडलं’. त्या रकान्यात एवढ्या लवकर काहीतरी भरलं गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि ते ‘निरंक’ प्रकरण. वरून एक जाड मसुदा आला. देशाच्या सागरी सुरक्षेचं नवं धोरण, साठेक पानं, सगळं इंग्रजीत. सात दिवसांत अभिप्राय कळवा. सरकारी कामकाजात अशा वेळी काय करतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. ‘निरंक’ असं लिहून पाठवतात. निरंक म्हणजे आम्हाला काही म्हणायचं नाही. काही म्हणायचं नसलं की चुकायची भीती नाही, वरून प्रश्न यायची भीती नाही आणि साठ पानं वाचायचीही गरज नाही.

भाऊंनी रजा टाकली. मसुदा पिशवीत घातला आणि मिरकरवाड्यात जाऊन बसले. एक दिवस मीही गेले होते त्यांच्याबरोबर. ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या, लिलावाचा आरडाओरडा चालला होता आणि भाऊ जाळ्यांच्या ढिगावर बसून धोरणाचं एकेक कलम मराठीत सांगत होते. भोवती दहाबारा तांडेल आणि खलाशी जाळी दुरुस्त करता करता ऐकत होते.

“होडी बंदरातून निघायच्या आधी कार्यालयात येऊन नोंद करायची, म्हणतात.”

“आनि कार्यालय उघडतंय कधी?” एकानं विचारलं.

“दहाला.”

“आमी पहाटं तीनला निघताव.”

“लिवतो,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी त्याचं नाव विचारलं. तो जरा घाबरला. नाव कशाला, असं म्हणाला. भाऊ त्याच्यावरही खेकसले, “बिननावाचं बोलणं वाऱ्यावर जातं रे! तुझं नाव लागलं म्हंजे त्यांना तुला उत्तर द्यावं लागंल.”

सात दिवसांनी अकरा पानांचा अभिप्राय तयार झाला. प्रत्येक मुद्द्यापुढे बोलणाऱ्याचं नाव. शेवटी भाऊंनी स्वतःच्या तीन सूचना जोडल्या होत्या. धोरण ठरवताना कोण नको म्हणालं ते त्याच्या नावानिशी लिहा. पुढच्या बैठकीत सगळ्यांत आधी मागच्याचं काय झालं ते विचारा. आणि ज्याला प्रत्यक्ष पाण्यात जायचं आहे, त्याला ‘आत्ता नको’ म्हणायचा हक्क द्या. एवढंच. मी पुढे शासनाची पुष्कळ मोठमोठी धोरणं टाइप केली, चकचकीत मुखपृष्ठांची. या तीन ओळींइतकं शहाणपण त्यांतल्या एकातही मला सापडलं नाही.

साहेब म्हणाले, “बाकी सगळीकडून निरंक जाणार आहे. आपलीच अकरा पानं? आपल्याकडेच एवढे प्रश्न आहेत असं वरती वाटेल.” आणि निरंक गेलं. देशाच्या सुरक्षेबद्दल या सबंध किनाऱ्याला काही म्हणायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी भाऊ स्टँडपर्यंत माझ्याबरोबर आले. मला लांज्याची एसटी पकडायची होती. मी म्हटलं, जाऊ दे भाऊ, एवढं कशाला मनाला लावून घेता? ते थांबले. “सुजाता, देशाची सुरक्षा म्हंजे काय गो? बंदुका नव्हं, होड्या नव्हं. एखादा नको म्हणतोय, त्याचं ऐकून घ्यायची सोय. ती नसली तर बाकीचं सगळं सामान बुडतंय.” मग माझ्या हातातली पिशवी स्वतः घेऊन त्यांनी मला गाडीत बसवलं.

आता शेंडवीच्या खाडीचं सांगते.

नवा आदेश आला. संशयित होडीचा निरोप मिळाल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत गस्तीची होडी निघालीच पाहिजे. तो समितीपुढे मंजुरीला आला. सरकारी गस्ती होडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून काशिनाथची होडी भाड्यानं घेतली होती आणि सुकाणूवर तोच. तर काशिनाथ दारातल्या खुर्चीवरून उठला. कप खाली ठेवला.

“सायेब, शेंडवीच्या तोंडाला वाळूचा बांध हाय. उधाणाच्या ओहोटीला तितं लाट फुटते. पानी उतरत आसताना तितनं व्हडी काडू नये. काडायची का नाय, ता तांडेलाला ठरवू दे.”

साहेब म्हणाले, “म्हणजे अतिरेकी आले तर त्यांना भरतीपर्यंत थांबा म्हणून सांगायचं का?” सगळे हसले. मीही हसले, अगदीच थोडं.

काशिनाथ शांतपणे म्हणाला, “त्येंची पन व्हडी तितंच फुटंल, सायेब.”

साहेबांनी पान उलटलं. पुढचा विषय सुरू झाला. भाऊंची पेन्सिल तेवढी चालत होती.

त्यांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘मच्छिमार प्रतिनिधी काशिनाथ तांडेल यांनी असहमती नोंदवली. शेंडवी खाडीच्या तोंडातून ओहोटीच्या वेळी होडी काढणे धोक्याचे असून तो निर्णय तांडेलावर सोपवावा.’ साहेबांनी ते खोडून ‘सर्वानुमते मंजूर’ केलं आणि कागद परत पाठवला. भाऊंनी तो तसाच ठेवून दिला. ‘मी हे टाइप करणार नाही,’ असं त्यांनी साहेबांना सरळ जाऊन सांगितलं आणि सुकटीचा डबा उघडून बसले.

मग साहेबांनी मला बोलावलं. तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. मी लांज्याहून रोज येऊन जाऊन करत होते, सकाळी ती झोपलेली असताना निघायचे आणि परत पोचेपर्यंत ती पुन्हा झोपलेली असायची. लांज्याच्या बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. ते गोड बोलले. “मॅडम, तुमचा कागद बघतोच आहे मी. हे जरा नीट करून आणा.” धमकी नाही, काही नाही. मी बाहेर आले, ते वाक्य काढलं, ‘सर्वानुमते’ टाइप केलं आणि सहीला नेऊन दिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला जबरदस्तीनं करायला लावलं असं म्हणायची सोयही साहेबांनी ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ते वाचलं. ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले होते. ते ओरडले नाहीत. “तुझी बोटं गो ती. सायबाची नव्हंत,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला तिथी विचारली नाही.

दोनतीन महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेब म्हणाले की पावसे हे सर्वानुमते आमचे सर्वांत कामसू सहकारी. शाल अंगावर असतानाच भाऊ उठले. “माझी असहमती लिहा,” म्हणाले. हसण्यात ते वाहून गेलं.

त्या हिवाळ्यात कवायत झाली. या वेळी वेळ आधी कळवायची नाही असं वरून बजावलं होतं, म्हणजे कुठेतरी कुणीतरी शहाणं झालं होतं. निरोप दुपारी चार वाजता शेंडवीच्या धक्क्यावर आला. पौर्णिमा होती. पंधराला तिनानं गुणून चारानं भागलं तर सव्वाअकराची भरती, म्हणजे चारला शेंडवीचं पाणी जोरात बाहेर ओढत होतं. ही आकडेमोड मी त्या दिवशी केली नाही. नंतर केली, आणि अजून करते.

काशिनाथ आत्ता नको म्हणाला. धक्क्यावरचा अधिकारी घड्याळ दाखवून ओरडला, “तूच होतास ना बैठकीला? सर्वानुमते ठरलंय!” काशिनाथनं होडी काढली. बांधावर लाट फुटली आणि होडी आडवी झाली. तिघं पोहून आले. चौथा एक शिपाई, घाटावरचा, समुद्रावर पहिलीच नेमणूक. त्याच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. त्याचे पट्टे कसे बांधायचे हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं. तो पुढच्या भरतीला सापडला.

चौकशी बसली. कुणाची? काशिनाथची. होडी कोण चालवत होतं, काशिनाथ. धोका होता तर बैठकीत बोलला का नाही? इतिवृत्तात तर सर्वानुमते आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू, म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सुरक्षेचं धोरण ज्यांनी ठरवलं ते सगळे साक्षीदार आणि ज्यानं ते चुकतंय म्हणून सांगितलं तो आरोपी. मला इथं काही कडक शब्द लिहायचा होता, पण जे आहे ते एवढं उघडं आहे की शब्द कमी पडतो.

पावसेभाऊ केळशीहून वही घेऊन चौकशीला आले. मे महिना होता. तेच दालन, तेच टेबल. बसल्याबरोबर त्यांनी चपला काढल्या. चौकशी अधिकारी बाहेरचे होते, सभ्य होते. त्यांनी वही चाळली. “ही तुमची खासगी वही. शिवाय पेन्सिलनं लिहिलेली. हिला पुरावा कसा म्हणू?”

“मूळ इतिवृत्तात ते वाक्य होतं साहेब. टाइप करताना काढलं गेलं. ज्यांनी टाइप केलं त्या इथं बसल्यात. त्यांना विचारा.”

त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही. नाव घेण्याबद्दल एवढे आग्रही असलेले भाऊ! मला वाचवायला ती फट त्यांनी ठेवली होती, की ते मी स्वतः सांगावं म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या साहेबांनी नाही पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. बदली अजून झालेली नव्हती.

“मला आठवत नाही,” मी म्हणाले.

भाऊंनी वही जवळ ओढली, एक ओळ लिहिली, पेन्सिल खिशाला लावली आणि उठले. नमस्कार करून बाहेर गेले. चपला टेबलाखालीच राहिल्या. त्या माझ्या पायांपासून हातभर अंतरावर होत्या. उचलून धावत गेले असते तर जिन्यातच गाठलं असतं. मी खिडकीशी गेले. खाली चिऱ्यांचं अंगण तापून लाल झालं होतं, सावली कुठेच नव्हती. भाऊ त्यावरून अनवाणी चालले होते. घाई नाही, पाय उचलून टाकणं नाही, वही काखेत, मान ताठ. फाटकाशी थांबून वळून बघतील असं वाटलं. ते वळले नाहीत. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

आठ दिवसांनी माझी लांज्याची बदली झाली.

पुढच्या पावसाळ्यात भाऊ गेल्याचं कळलं. त्यांच्या चपला झाडूवाल्यानं रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात सरकवून ठेवल्या होत्या. त्या मागून घेतल्या आणि दिवाळीनंतर केळशीला गेले. भाऊंच्या पत्नींनी मला ओळखलं नाही, ते बरंच झालं. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि पदरानं पुसल्या.

“त्या दिवशी यष्टीतनं तसेच आले. तळपाय पोळलेले. चपला कुठं टाकल्यात म्हणून मी इचारलं, तर हसले नि म्हनाले, आठवत नाय.”

त्यांनी चपला दाराआड ठेवल्या आणि आतून वही आणून दिली. हापिसाचं काय ता हापिसात ऱ्हावं, असं म्हणाल्या. मी ती गाडीत उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर शेवटची ओळ: कोण म्हणालं, ‘सुजाता’. काय म्हणालं, ‘आठवत नाही’. त्याचं काय झालं, कोरं. एक शिवीसुद्धा लिहिलेली नव्हती. खाली पट्टीनं आखलेल्या कोऱ्या ओळी होत्या.

ती वही दीड वर्ष माझ्या कपाटात साड्यांखाली पडून होती. हे लिहायलाही मला लाज वाटते. मागच्या आठवड्यात मी काशिनाथच्या वकिलाकडे गेले आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून दिली: वाक्य होतं, काय होतं, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाच्या बोटांनी गेलं. रत्नागिरीच्या जुन्या कार्यालयातही एक प्रत दिली. नव्या साहेबांनी वाचून विचारलं, “आता कशाला मॅडम? सगळं शांत झालंय.” मी म्हटलं, पोहोच द्या. शिक्का मारून घेतल्याशिवाय मी तिथून हलले नाही.

तसाच कागद घेऊन मिरकरवाड्यात गेले. काशिनाथ आता तांडेल नाही, दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जाळी शिवतो. त्यानं कागद दोनदा वाचला. मी त्याच्यासमोर उभी होते. माफी मागायची ठरवून गेले होते आणि त्याच्या हातातल्या कागदाकडेच बघत राहिले.

“भाऊ व्हते तवा बोलली आसतीस तर,” तो म्हणाला, “त्येंना तरी बरं वाटलं आसतं.” आणि त्यानं पुन्हा जाळं हातात घेतलं. मला बस म्हणाला नाही.

घरी येऊन वही काढली, पात्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्या ओळीपुढच्या तिसऱ्या रकान्यात लिहायला बसले. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. लिहून झाल्यावर बघितलं तर मी ‘कार्यवाही सुरू आहे’ असं लिहिलं होतं. पेन्सिल उलटी धरली आणि कागद फाटणार नाही इतपत जपून ते खोडलं. मग कॅलेंडरात बघून तिथी लिहिली, आणि तिच्यापुढे जे खरं आहे ते लिहिलं: ‘सुजाताने सांगितलं. उशिरा. काशिनाथ तांडेल अजून सुटलेला नाही.’